बूच

बार्रेरूच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
आधीच्या मालकाने मागे ठेवलेली फरशी होती,
पांढरी, गुळगुळीत, दिसायला देखणी.
फेब्रुवारीत तिच्यावर अनवाणी उभं राहावं
तर थंडी टाचेतून दाढेपर्यंत चढायची.
तिनेच तोमेची हनुवटी फोडली.
तीन टाके. आणि डॉक्टरीणबाई, मान वर न करता,
"घरात पाणी सांडलं होतं का?"
दोन मुलांच्या घरात पाणी
कधी सांडलेलं नसतं?

शनिवारी बाल्तझारच्या दुकानात गेलो.
तो पत्ते वाटावेत तसे तुकडे मांडत गेला.
हे लॅमिनेट, ओरखडा उठत नाही.
(भिजलं की कडेने फुगतं,
हे मी खोदून विचारल्यावर.)
हे व्हिनाइल, स्वस्त, पुसायला सोपं.
नाकाशी धरलं तर नव्या गाडीचा वास.
गालिचा? मी हसले.
ज्याने कधी गालिच्यातून मटाराचं सूप खरवडलं नाही
त्याने खुशाल घ्यावा गालिचा.

मग मी चपला काढल्या
आणि भर गिऱ्हाइकांत रांगायला लागले.
फिर्मीनु पडद्यांच्या किमती वाचू लागला,
जणू मी त्याची कुणीच नाही.
पण जमीन उभ्याने कळत नाही.
ती गुडघ्यांना विचारायची,
तळहाताला, ओल्या पायमोज्याला,
झोपेत खाटेवरून घरंगळलेल्या डोक्याला.

शेवटच्या तुकड्यावर गुडघे थांबले.
भाजलेल्या पावाच्या कडेचा रंग.
बोटाने दाबलं तर किंचित आत,
सोडलं की हळूच पुन्हा जागेवर.
"बूच," बाल्तझार म्हणाला. "महाग पडेल."

घरी तो तुकडा वडिलांपुढे ठेवला.
त्यांनी चष्मा लावला नाही. वास घेतला.
चाळीस उन्हाळे त्यांनी आलेंतेझूत
ओकची साल उतरवलेली,
कुऱ्हाड अशी की साल सुटावी
आणि आतलं झाड दुखावू नये.
मग उघड्या तांबड्या खोडावर
पांढऱ्या रंगात वर्षाचा शेवटचा आकडा.
नऊ वर्षं त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही.
"हे झाडाने आगीसाठी अंगावर घेतलेलं असतं,"
ते म्हणाले, "तुमच्या पोरांसाठी नव्हे."
जरा थांबून,
"गोंद कसला वापरणार ते विचार.
न्हाणीघरात लावू नका.
आणि खुर्च्यांच्या पायांना नमदा चिकटवा."
मी लिहून घेतलं.
तुकडा त्यांनी खिशात टाकला तो टाकलाच,
बाल्तझारला मी खोटं सांगितलं.

कारागीर आले, गेले.
दोन रात्री खिडक्या सताड उघड्या,
आम्ही चौघं नणंदेच्या एका खोलीत.
परतल्यावर तोमेने आधी गोटी टाकली.
वाट पाहिली. परत टाकली.
"आई, आवाज कुठे गेला?"
आणि खरंच रडायला लागला.
बेनेदिता धावली, आपटली, उठून बसली,
इकडेतिकडे बघत राहिली,
आता रडायचं की नाही ते तिला ठरवता येईना.

चौथ्या संध्याकाळी बेल वाजली.
खालच्या मजल्यावरच्या दोना किटेरिया.
चार वर्षं झाडूच्या दांड्याने
आमची जमीन खालून ठोकत आलेल्या.
हातात झाकलेलं भांडं.
"सगळे बरे आहात ना?
पोरांची काही चाहूल नाही. मला वाटलं..."
काय वाटलं ते त्या बोलल्या नाहीत.
मी म्हटलं, आत या, फक्त चपला काढा.
त्यांनी एक पाय टेकवला. मग दुसरा.
आणि दाराशीच उभ्या राहिल्या,
टाचांवर हलकेच खालीवर होत.
भांड्यावरचं झाकण तेवढं वाजत होतं.