शिसं, पहाटे दोन ते चार

शेवटची मेट्रो एक वाजून दहाला जाते.
मग हॅम्बुर्ग बराच वेळ अंग मोडत राहतं
आणि दोनच्या सुमाराला तळघराची जमीन एकदाची स्वस्थ होते.
तेव्हा वीबके बूट काढते.
तसा नियम नाही. पण यंत्राच्या खोलीत ती मोज्यांवरच वावरते,
आजारी माणूस नुकताच झोपलाय अशा घरात वावरावं तशी.

आत शिसं आहे.
तिच्या बापाच्या जाळ्याला, ब्यूझुमच्या बंदरात,
तळाशी बांधलेलं असायचं तेच.
फक्त हे तीन आठवडे सोवळ्यात आहे:
आर्गॉनने खरवडलं, तापवलं, पुन्हा खरवडलं,
आणि निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक अंश वर नेऊन बसवलं.
तिथे इलेक्ट्रॉन जोडीने निघतात,
एकाची गिरकी उजवी, दुसऱ्याची डावी,
आणि कशालाच अडखळत नाहीत.
त्यांच्या आलेखात मधोमध दरी.
वस्ती नाही, पाऊलवाटही नाही.

काल संध्याकाळी तिने वरून मँगनीज शिंपडलं.
शिंपडलं म्हणजे मोजून चाळीसेक अणू.
मँगनीजला स्वतःची दिशा असते.
जोडी जवळ आली की तो एकाला म्हणतो ये,
दुसऱ्याला म्हणतो हट.
दुधात मिठाचा खडा, मी म्हटलं.
(मी हेलियम भरतो, मला असं बोलायची मुभा आहे.)
दूध नासत नाही, ओन्नो. बघ.

सुई नवव्या अणूवर आली.
दरीत दोन टोकं उभी राहिली,
शून्याच्या अलीकडे उंच, पलीकडे बुटकं.
दोन नॅनोमीटर सरकलं की काही नाही,
शिसं पहिल्यासारखं.

मग तिने सुई आणखी खाली नेली,
केसाच्या दहा लाखाव्या भागाइतकी.
टोकं सरकली, शून्यावर भेटली,
आणि एकमेकांतून पार गेली.
उंच होतं ते बुटकं झालं.
काय झालं?
'इतका वेळ फोडत होता,' ती म्हणाली,
'आता एकाला जवळ धरून बसलाय.'
सुई उचलली, सुटला. टेकवत आणली, धरला.
सतरा वेळा.

वहीत आधीच लिहिलेलं होतं, 'अशुद्धी क्र. ९'.
तिने ते खोडलं नाही.
पुढे फक्त वेळ टाकली, तीन एकोणचाळीस.

पहिली गाडी आली तसा आलेख शहारला.
वीबके बूट शोधू लागली.
मी पातळी पाहिली: हेलियम अकरा टक्के,
दुपारपर्यंत पुरेल.