कामाचं स्वरूप

खराडीच्या त्या गेटवर एक रजिस्टर आहे:
नाव, गाव, कोणाकडे, कामाचं स्वरूप,
येण्याची वेळ, जाण्याची वेळ.
वरच्या एकवीस जणांनी कामाच्या रकान्यात
'इंटरव्ह्यू' लिहिलंय, आठ जणांनी चुकीचं.
मी नुसती दोन टिंबं देते. वरीलप्रमाणे.

कुर्ता माझा. बूट तरन्नुमचे.
मंगळवारी हिंजवडीत तिला हे बूट लागले,
नोकरी लागली नाही.
आज माझ्या अंगठ्याला लागतायत.
एवढं तरी लागतंय, म्हणते मी मनात.

फाईलमध्ये बायोडेटाच्या प्रती.
अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं होतं, किती?
मी म्हणाले, चार.
मान वर न करता तो म्हणाला,
पंचवीस काढा ताई, स्वस्त पडतं,
आणि लागतात.
आता सहा उरल्यात.

चौथ्या मजल्यावर शेजारी परांड्याचा एक मुलगा
डोळे मिटून पुटपुटतोय,
आय ॲम अ टीम प्लेअर, आय ॲम अ टीम प्लेअर,
शनीला तेल वाहताना पुटपुटावं तसं.

"मिस घोंगटे?"
घोंगते, मॅडम. असं मी म्हणत नाही.
"टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ."
मी सांगते ते माझ्याबद्दल नसतंच,
कर्वेनगरच्या क्लासनं ते सगळ्यांना एकच दिलंय,
फक्त गावाचं नाव आपापलं घालायचं.

मग त्यांची पेन्सिल एका जागी थांबते.
"बी.कॉम.नंतर हे एक वर्ष? इथे काहीच नाही."

काहीच नाही.
अण्णांचा हात पट्ट्यात आला ते वर्ष.
करमाळ्यातली आमची पिठाची गिरणी
मी एकटीनं चालवली ते वर्ष.
वीज येईल तेव्हा उठायचं, मग रात्रीचे दोन का असेनात.
गव्हानंतर लगेच बाजरी घ्यायची नाही.
चिमटीत पीठ धरून जाड की बारीक ते सांगायचं.
उधारीची वही, न मागता वसूल करायची.
माझा डबा आधी होता म्हणून बायका भांडायच्या,
पण कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात
मी एकदाही जाऊ दिलं नाही.

"स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते, मॅडम."
त्या समजुतीनं मान हलवतात.
पुण्यात हे खोटं कुणी तपासत नाही.

"सॅलरी एक्स्पेक्टेशन?"
"कंपनीच्या नियमाप्रमाणे."
"कळवू."

गेटवर वॉचमनकाका घड्याळ बघून वेळ लिहितात,
बोटांवर मोजतात. "साडेतीन तास होतीस आत.
म्हणजे चांगला झाला असणार."
अकरा मिनिटं, काका. बाकीचं सोफ्यावर.
पण मी हो म्हणते.
त्यांनाही दिवसभरात एखादा चांगला झालेला हवा असेल.

खराडीहून मनपा, मनपाहून नऱ्हे.
स्टॉपवर उतरते तर गल्लीच्या तोंडाशी गिरणी,
दगड जड चाललेला,
घसा बसलेला माणूस ओरडावा तसा.
सरळ खोलीवर जायचं असतं मला.
"काका, टाकी लावायला झालीय. पीठ तापत असेल."

तो पीठ तळहातावर घेतो.
मग मला बघतो, बुटांपासून फाईलपर्यंत.
"कुठली तू?"
"करमाळ्याची. आमची गिरणी आहे."
अख्ख्या दिवसात पाठ न करता बोललेलं पहिलं वाक्य.

"पोरगा गावाला गेलाय.
दसऱ्यापर्यंत संध्याकाळी तीन तास बसशील?"

आणि मी, नियमाप्रमाणे म्हणणारी,
ओढणी पट्ट्यापासून लांब, कमरेला घट्ट खोचत
विचारते, "किती देणार?"

बूट काढून कोपऱ्यात ठेवते, ते तरन्नुमला गुरुवारी हवेत.
फाईलला पीठ लागू नये म्हणून
ती वर खिळ्याला अडकवते,
फोन तिच्यातच, रिंग पूर्ण मोठी करून,
इथं ती ऐकू येणार नाही
हे माहीत असून.