ओढ

प्रेंदाने किल्ली काढून ॲप्रनच्या खिशात टाकली,
तरी मर्सिडीज चालूच.
श्कोदरच्या गल्लीत, अंजिराखाली,
चौऱ्याऐंशी सालची, डिझेलची,
खोकत, थरथरत, कुणाचंही न ऐकता.

बॉनेट उघडून तिने हाताने खटका दाबला.
तेव्हा कुठे गप्प.

हे इंजिन ठिणगीवर जगत नाही, न्दूए सांगायचा,
किल्ली काढून ते विझायचं नाही.
याला थांबायलाही ओढ लागते,
बारीक नळीतून कुणीतरी हवा खेचावी लागते.

म्हणजे ओढ कुठेतरी गळतेय.

हातपंप न्दूएचाच. मूठ चिकटपट्टीने बांधलेली,
गेली तीन वर्षं कोरडा.
एकेक नळी सोडवायची, पंप मारायचा,
काट्यावर नजर ठेवून शंभर मोजायचे.
पुढची दोन्ही दारं टिकली.
टाकीचं झाकण टिकलं.
डिकीने छळलं जरा, पण तीही टिकली.

मागचं डावं दार. काटा
धरेचना.

तिथे कोल बसायचा. बेर्गामोला निघाला त्या पहाटे
बापाशी भांडून त्याने ते असं आपटलं
की शेजारच्या कोंबड्या जाग्या झाल्या.
तेव्हापासून त्या बाजूने कुणी चढलेलं नाही.

पत्र्याआड रबरी पडदा. नखाएवढी चीर.
नळीच्या तोंडात तिने पेन्सिलीचा तुकडा ठोकला,
किल्ली फिरवली.
गाडी लगेच मिटली. तिने पुन्हा चालू केली,
पुन्हा मिटवली.

शेजारचा पाशुक म्हणाला, झालं की काम,
ते दार हवंय कुणाला?

हात पुसत तिने तिरानाला फोन लावला:
पडदा हवाय. मागच्या दाराचा.
हो, डाव्या.