अजून जरा

त्याचं आडनाव ओ.
नुसतं ओ, पुढं-मागं काही नाही.
फौंड्रीच्या गेटावर कुणी "ओ साहेब" म्हटलं
की दहाजण वळून बघायचे,
आणि इथं उजळाईवाडीत जिन्याखाली उभी राहून
मी वर "ओ" अशी हाक मारली
की आमचे हे आतून म्हणायचे, "काय गं?"

आठ महिने राहिला वरच्या खोलीत.
गोकुळ शिरगावात साच्यांचं मशीन बसवायला आलेला.
पहिल्या रविवारी तांबडा रस्सा दोन वाट्या प्याला,
कान लाल करून वर गेला,
आणि एक बरणी घेऊन खाली आला
उसनं फेडायला आल्यासारखा.

बरणीतलं ते मी आज एकटीनं करते आहे.

लक्ष्मीपुरीत जुबेदानं माकूल दिलं, किलोभर,
रातोरात गगनबावड्याचा घाट चढून आलेलं,
डोळ्यांत अजून बर्फ.
"कालवण?"
"न्हाई. मुरवणार."
सुट्टे पैसे देता देता तिनं असं बघितलं
जशी मी मेलेल्याचं लोणचं घालते आहे.
तसंच आहे की ते.

डोकं ओढलं की सगळं सुटून येतं, शाईची पिशवीसुद्धा,
आणि पाठीतून निघतो काचेचा बोरू.
शाई जवळ, बोरू जवळ,
जन्मभर एक ओळ लिहिली नाही बिचाऱ्यानं.
मी तरी काय लिहिलं?
वीजबिलाच्या मागं अर्धीच कृती:
जाडं मीठ, दहाला एक.
फ्रिजच्या तळाशी पंधरा दिवस.
खाली त्यानं काढलेली सुरी. सुरीखाली जीभ.

चौथ्या दिवशी दुधाच्या सायीला वास लागला.
सातव्या दिवशी इंदुबाई चौगुले येऊन विचारून गेल्या,
उंदीरबिंदीर मेला का कुठं.
हे म्हणाले, एक तर ती बरणी राहील नाहीतर मी.
मग आपणच तिला दोन पिशव्या बांधल्या,
ट्रकवर ऊस आवळावा तशी गाठ.

आज धुतलं, पंचात घालून पिळलं,
बोटाएवढ्या पट्ट्या, मग त्याही उभ्या चिरल्या.
त्याचं तिखट तिकडून पार्सलनं यायचं,
भरड, लालभडक, तोंडात गोडसर.
ते संपलं.
म्हणून रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी, बिया काढून;
गिरणीवाला म्हणाला, बारीक करू का, म्हटलं नको, जाडंच राहू दे.
लसूण, आलं, भाजलेले तीळ.
पाकाऐवजी काकवी, गुऱ्हाळावरनं आणलेली.
ही काकवी त्यानं एकदा बोटावर घेतली होती.
मग बराच वेळ बोट तसंच धरून उभा.

मराठी त्याला दोनच शब्द नीट आले.
मी चमच्यावर चव द्यायची,
तो डोळे मिटायचा, आणि: "अजून जरा."
मीठ? तिखट? दिवस?
सगळ्यालाच मान हलवायचा.
गाडी दारात लागली तेव्हा ह्यांनी विचारलं,
मशीन बसलं ना पक्कं?
"अजून जरा," म्हणाला,
आणि गेला.

वरच्या खोलीत आता कांदे पसरलेत.

गरम भातावर चिमूटभर घेतलं.
आधी खारट, मग गोड, मग दाताखाली समुद्र करकरला,
आणि तिखट सगळ्यात शेवटी, कानामागून.
बरोबर झालंय की चुकलंय
ते सांगणारी जीभ ह्या घरात नाही.

ह्यांच्या ताटात कडेला वाढलं, भाकरीजवळ.
नाक मुरडलं. एक तुकडा मोडला.
दुसरा.
मग ताट पुढं सरकवून,
माझ्याकडं न बघता:
"अजून जरा."

काय कमी पडलं, का वाढ म्हणताहेत,
मी विचारलं नाही.
बरणी उघडी होती.