दोन ते चारचा पहारा

यंदाच्या सप्ताहाची यादी मीच लिहिली.
रात्री दोन ते चार, यापुढे
तुझं नाव घातलं, आत्माराम.
मंडळातले कुरकुरले,
"बुवा, तो येवचो नाय. त्याचा खरा काम त्याच येळार."
मी म्हटलं, म्हणूनच.

मला ठाऊक आहे रेडीकडून येणारा रस्ता,
दिवा विझवून उतारावर सोडलेल्या मोटारसायकली,
किणकिणू नयेत म्हणून
फाटक्या लुंगीत गुंडाळलेल्या बाटल्या.
फेरीला दोन हजार.
मी बर्फाच्या कारखान्यात चार दिवस लाद्या फोडतो, तेवढे.
कुठल्या तोंडाने सांगू तुला
की दोन हजार म्हणजे काहीच नव्हे?
तुझ्या आईने त्याच पैशांतून
देवळाच्या समईला पाच लिटर तेल दिलं.
मी परत केलं नाही.
रात्रभर जळलं ते,
नेहमीच्या तेलासारखंच.

नऊ वर्षांचा होतास,
पखवाजामागे तुझं डोकंही दिसायचं नाही.
धुम्याला लावायची कणीक मीच शिकवली:
सैल नको, घट्ट नको,
कानाची पाळी चाचपून बघ, तेवढी मऊ.
पहिला 'धा' घुमला तेव्हा
सातेरीच्या देवळातली वटवाघळं उडाली
आणि तू पखवाज टाकून माझ्या पाठीमागे.

गेल्या शिमग्यात भजनाला बसलास,
तोंडाला वेलचीचा वास.
उगाच वेलची कोण खातं?
हात लयीत होते.
पण समेवर माझ्याकडे बघितलं नाहीस.
दहा वर्षं बघत आला होतास.

मला प्रवचन येत नाही.
आलं असतं, तरी चौऱ्याऐंशी साली
मंडळाची पेटी गहाण टाकून
आकडा लावलेला माणूस आहे मी.
ही गोष्ट दोघांनाच ठाऊक.
एक, माझे बुवा धोंडू मेस्त, वारले.
दुसरा तू, आत्ता सांगतोय म्हणून.
त्यांनी पेटी सोडवून आणली, जागेवर ठेवली,
पुसली आपल्याच पंचाने.
एवढंच म्हणाले,
"सकाळी काकड्याक ये. समयेत वाती घालूक कोण नाय."
वर्षभर वाती घातल्या.
पहाटे साडेतीनला उठायचं असलं
की माणूस रात्री बाराच्या आकड्यासाठी जागत नाही.
धर्माबद्दल मला नक्की ठाऊक असलेलं
ते एवढंच.

काल तू आलास, दोनला पाच कमी असताना.
पायाला लाल धूळ, बोटांना पेट्रोल.
"पयले हात धू," मी म्हटलं.
कणीक ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती.
मळता मळता तुझा हात
आपोआप कानाच्या पाळीकडे गेला.

सव्वातीनला बाहेर हॉर्न वाजला.
दोनदा, तोकडा.
मग खिशातला फोन थरथरू लागला, इतका वेळ
की पखवाजाच्या खोडालाही कळलं असावं.
सप्ताहात टाळ थांबत नाही.
पहाऱ्यावरचा उठला तर नाव खंडतं,
आणि खंडलं की गाव वर्षभर विसरत नाही कुणामुळे.
तुला बांधून घातलं मी, खरं आहे.
दोरी तेवढी माझी नव्हती.

तू माझ्याकडे बघितलंस.
समेवर नाही, समेच्या जरासं आधी.
मी डोळे मिटून घेतले.
म्हातारा डुलकी घेतोय, वाटलं असेल तुला.
मनातल्या मनात गाऱ्हाणं घालत होतो,
बा देवा म्हाराजा, ह्या पोराक...
पुढे काय मागावं सुचेना.
'होय म्हाराजा' म्हणायलाही कोणी नव्हतं.
गाडी मोचेमाडच्या उताराला लागली
आणि तिचा आवाज खाडीपलीकडे गेला.

चारला पुढचे आले, डोळे चोळत.
वाळलेली कणीक तू नखाने खरवडलीस,
देवळामागच्या कुत्र्याला घातलीस.
उद्या येशील का, मी विचारलं नाही.
पायरी उतरताना तूच म्हणालास,
"कणीक वायच घट्ट होती, बुवा."

आज थोडं जास्त पाणी घातलंय.