सोर्टलँडला गाडी बघायला

जुनी व्हॅन तपासणीत नापास झाली त्या आठवड्यात
मी मासळीच्या कारखान्यातून एक चौकटींचा कागद आणला
आणि मधोमध उभी रेघ मारली.
डावीकडे नवी: विजेची, पांढरी, टोपलीएवढी.
उजवीकडे काळी जर्मन, नऊ वर्षांची,
पहिला मालक नार्विकचा दंतवैद्य.
किंमत दोन्हींची जवळजवळ सारखीच,
म्हणजे भांडायला भरपूर जागा.

अठ्ठावीस वर्षं मी कारखान्याचे हिशेब लिहिते.
स्वस्तात मिळालेला हत्ती
चारा स्वस्तात खात नाही.
त्या काळीचा एक गुडघा बसला
की माझा एक पगार गेला.
मी डावीकडे बरोबरच्या खुणा करत गेले.
थंडी तेवढी प्रामाणिकपणे मांडली:
कंपनी म्हणते साडेतीनशे किलोमीटर,
जानेवारीत दोनशे धर,
समोरून वारा असेल तर देवाचं नाव घे.

आउडुननं कागद वाचलाच नाही.
तो काळीत जाऊन बसला होता.
दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.
"ऐकलंस? असं दार आता कोणी करत नाही."
पियानो जुळवणाऱ्या माणसाशी
दाराच्या आवाजावरून कोण वाद घालणार?
शाळा, चर्चं, कप्तानांच्या विधवा,
खाऱ्या हवेनं उतरलेल्या तारा
तो बेटाबेटावर जाऊन चढवतो,
पुढच्या वर्षी पुन्हा त्याच.
त्याची हत्यारांची पिशवी मागच्या सीटवर अशी बसली
की कातडं तिच्या मापानंच शिवलं असावं.
इंजिन सुरू झालं. तो हसला.
"किंचित खाली लागतंय. पण गोड."

पांढरी चालवायची म्हणून चालवली.
शोरूममधली इल्वा च्युइंगम चघळत म्हणाली,
पुलापलीकडे जाऊन या.
दुपारचे दोन, उजेड आवरत आलेला.
गाडी काही बोलेना.
कॉड वाळवायच्या रिकाम्या मांडवांपाशी
त्यानं ती थांबवली, हीटरही बंद केला.

"ऐकू येतंय?"
"काय?"
"शिट्टी."
वारा नव्हता. एक बगळासुद्धा नव्हता.
"डाव्या कानात. दोन हिवाळे झाले.
व्हॅनच्या खडखडाटात दबून जायची."
दोन हिवाळे.
म्हणून हा माणूस रेडिओ लावून झोपतो,
आणि मी रोज रात्री उठून तो बंद करते.

मी कागदाची घडी केली,
तिची पुन्हा घडी.
"काळीच घेऊ," म्हणाले, "तिला आवाज तरी आहे."
त्यानं पिशवीतून नादकाटा काढला,
गुडघ्यावर आपटला, उजव्या कानाशी धरला.
मग पुन्हा एकदा.
मी श्वास रोखून, कशासाठी कोण जाणे.
"गंमत बघ," तो म्हणाला,
"मापात नाही, पण जागची हललेलीही नाही.
मी जुळवलेला एकही पियानो
दोन हिवाळे असा टिकला नाही."

पांढरीच घेतली. सही त्यानं केली,
काळीकडे वळून न बघता,
म्हणजे दोनदा बघून.
कानाच्या डॉक्टरची तारीख मिळाली आहे,
त्रोम्सोला, जूनमध्ये.
रात्री केबल बर्फात पडलेली असते
आणि मीटर माझ्या खोलीच्या भिंतीमागे टिकटिकतो.

मी कमी बोलणारी बाई.
माहेरी मला बंद डबा म्हणायचे.
आता फेरीच्या रांगेत, बोगद्यात, पुलावर
माझं तोंड चालूच:
कॉडचा भाव, नव्या मॅनेजरचा विग,
थोरल्या बहिणीचा घटस्फोट, तिन्ही पक्षांच्या बाजूनं.
तो मान डोलावतो. मध्येच म्हणतो,
"हं, आता नाही येत ऐकू."

समोर आकडा दिसतो: एकशे बारा किलोमीटर.
मी पुन्हा बहिणीपासून सुरू करते.