ढालीला कान

वेढा पडलेल्या गावात, म्हणे,
तटाच्या आतल्या बाजूनं एक माणूस रात्रभर फिरायचा
काशाची ढाल जमिनीला टेकवत.
चार पावलं, कान. चार पावलं, कान.
खालून शत्रू भुयार खणत असेल
तिथेच ढाल गुणगुणायची.
बाकी मुकी.

मी तेच करते,
कालामाटाच्या इस्पितळात, तळघरात,
धुलाईखोलीच्या भिंतीला लागून.
पहाटेचे तीन. क्ष-किरण विभाग मुका.
औषधांचं कोठार मुकं.
रक्तपेढीचा थर्मामीटर मिनिटामिनिटाला
चार अंश, चार अंश, एवढंच पुटपुटणारा.

आणि हिशेबखात्यातलं एक यंत्र
गुणगुणत होतं.

तटाला ओरखडा नाही.
वडील पडक्या बुरुजांखाली शेळ्या चारायचे, ते म्हणायचे,
कितीही दगड रच, इव्हान्थिया,
दार उघडतं ते आतल्या खिळीनं.

खिळीचं नाव पारास्खोस.
चौसष्ट वर्षांचा, निवृत्तीला आठ महिने.
परवलीचा शब्द: लेमोनिया१९८३.
पहारेकऱ्यांचा शब्द रोज संध्याकाळी बदलायचा,
याचा अकरा वर्षं तोच.
सक्ती केली तेव्हा शेवटी एक टिंब वाढवलेलं.

"बायको," तो म्हणाला.
"सकाळी आल्या आल्या तिचं नाव लिहितो.
घरी आता हाक मारायला कारण नसतं."

फितुराचं काय करायचं
ते जुन्या सेनापतींनी सविस्तर सांगून ठेवलंय.
याचं नाही.

मी त्याला नवा शब्द दिला,
सोळा अक्षरं, अर्थ नसलेला.
त्यानं तो चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या घरात ठेवला.
मी बघितलं. रागवायला हवं होतं.

जुनं खातं मात्र मोडलं नाही.
आतला दाणागोटा हलवला,
खोटी बिलं रचली, चुली पेटत्या ठेवल्या,
रिकाम्या गढीचं दार किलकिलं.
येऊ दे त्यांना. आले की पायरव मोजता येतो.

दोनदा आले. मोजला.

आणि रोज सातचाळीसला
ढाल वेगळीच गुणगुणते, अगदी हळू.
कुणीतरी जुन्या शब्दानं रिकाम्या गढीत शिरतं,
कशालाच हात लावत नाही,
मिनिटभरानं बाहेर.

नियमाप्रमाणे नोंद करायला हवी.
मी ढाल उचलते,
चार पावलं पुढे टेकवते.